कॅसची फाइल आणि नवव्या मुद्द्याची टिक

नागपुरात मी एका छोट्या ख्रिस्ती कॉलेजात शिकवते. नातेवाइकांना वाटतं, पगार मिशन देतं. कॉलेज अनुदानित आहे, पगार सरकारी तिजोरीतूनच येतो, म्हणून कॅसची (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची) फाइलही सरकारी टेबलांवरूनच फिरते.

सहायक प्राध्यापकाला पगाराच्या लेव्हल १० वरून ११ वर जायला पीएच.डी. असेल तर ४ वर्षं, नुसती नेट-सेट ही पात्रता परीक्षा असेल तर ६. माझी सहा २०२१ मध्ये भरली. २१ दिवसांचं ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर ही प्रशिक्षणं, छाननी समिती, सगळं आटोपलं. मग फाइल वेतननिश्चितीसाठी एका कार्यालयात गेली आणि तिथंच रुतली.

अडीच महिन्यांनी त्रुटीपत्र आलं : ‘बिंदूनामावलीची प्रमाणित प्रत जोडलेली नाही.’ अहो, आमचं कॉलेज अल्पसंख्याक! आरक्षणाची बिंदूनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी, त्याचा तक्ता) आम्हाला लागूच नाही, तर प्रत आणू कुठून? मे महिना, ४५ अंश. कूलरचं तोंड बाबूंकडे, आम्ही दाराशी. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवायचा हक्क देणारं घटनेतलं कलम ३० सांगितलं. बाबू शांतपणे म्हणाले, “बरोबर आहे मॅडम, पण चेकलिस्टमधल्या नवव्या मुद्द्यावर टिक नाही ना.”

अल्पसंख्याक प्रमाणपत्र जोडलं. महिनाभरानं नवी त्रुटी : प्रमाणपत्र २०१७ चं, नेमणूक २०१५ ची, तेव्हा कॉलेज अल्पसंख्याक होतं कशावरून? माझा तर आवाजच चढला. (चढवू नका. पुढचे दोन आठवडे ‘साहेब दौऱ्यावर’ होते.)

शेवटी आमच्या रिटायर्ड हेडक्लार्कना स्कूटीवर बसवून कॉलेजात आणलं. त्यांनी लोखंडी कपाटातल्या तळच्या गठ्ठ्यातून जुनं मान्यतापत्र काढलं. टाचणी इतकी गंजलेली, की कागदावर तिचा तांबडा ठसा उमटला होता. प्राचार्यांच्या सहीचं पत्र वर लावून ते दिलं. बाबूंनी नवव्या मुद्द्यापुढं पेनानं ‘लागू नाही’ लिहिलं. एवढंच!

तेव्हा अल्पसंख्याक कॉलेजवाल्यांनो, तुमच्या नेमणुकीच्या वर्षी लागू असलेलं प्रमाणपत्र आधीच शोधून ठेवा. दर कागदाची पोच आवक क्रमांकासह घ्या. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं : सेवापुस्तकाच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स घरी असू द्या.

आदेश डिसेंबरात आला, हॉलमध्ये कॅरोलची तालीम चालू असताना. पेढे वाटले. एरियर्सचं बिल मात्र वेगळं जातं, म्हणून सोमवारी परत त्याच टेबलावर जायचंय.