मांगलीच्या ब्रॅकिऑप्सचे चित्र काढताना

एका मराठी मासिकाच्या विज्ञान विशेषांकासाठी विदर्भातील एखाद्या प्रागैतिहासिक प्राण्याचे रंगचित्र हवे होते. डायनासोर पुष्कळदा काढून झाले असल्यामुळे मी ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हा नामशेष उभयचर सुचवला. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे 60 मैलांवर असलेल्या मांगली येथील खडकातून मिळालेली त्याची एक कवटी नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यामार्फत लंडनला पोहोचली आणि 1855 मध्ये इंग्लिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. चित्रकाराच्या हाती आधार म्हणून आहे ती एवढी कवटीच.

डोके फारसे अडले नाही. कवटी आखूड, रुंद आणि चपटी असून डोळ्यांच्या खोबण्या बऱ्याच पुढे आहेत. या कुळातील कवट्यांवर पाण्यातील हालचाल टिपणाऱ्या इंद्रियांच्या खाचा दिसतात, त्यामुळे प्राणी जलचर दाखवणे सुरक्षित होते.

खरा प्रश्न मानेच्या मागे सुरू झाला. धडासाठी टेम्नोस्पॉन्डिल, म्हणजे ब्रॅकिऑप्स ज्यात मोडतो त्या प्राचीन उभयचरांच्या गटातील इतर प्राण्यांचे सांगाडे पाहून मी आखूड पाय, पुढच्या पायांना चार बोटे आणि पोहण्यास उपयोगी शेपटी घेतली. पण हे सारे उसने आहे, हे वाचकाला कळलेच पाहिजे, असा माझा आग्रह होता. संपादकांना तुटक रेषांचे चित्र मुखपृष्ठासाठी नको होते, आणि त्यांचेही चूक नव्हते. शेवटी रंगचित्रात डोके स्वच्छ दाखवून धड गढूळ पाण्यात अस्पष्ट ठेवले आणि आतील पानासाठी वेगळे रेखाचित्र केले, ज्यात कवटी ठळक व बाकी शरीर तुटक रेषांत आहे.

पार्श्वभूमीवरही थोडी चर्चा झाली. काठावर गवत काढण्याची सूचना आली होती. परंतु सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे ट्रायासिक कालखंडाच्या आरंभीच्या त्या पाण्याकाठी गवत असणे शक्यच नव्हते. त्याऐवजी उथळ पाण्यात शिंपल्यासारख्या कवचाचे बारीक जलचर दाखवले, कारण त्यांची कवचे मांगलीच्या खडकात सापडतात आणि त्यांच्या एका जातीला गावाचेच नाव मिळाले आहे. रंगाला कोणताच पुरावा नसल्याने चिखलाशी मिळताजुळता तपकिरी निवडला आणि तो माझा अंदाज असल्याचे चित्राखालील ओळीत लिहून दिले.