तुम्ही विचारलंत म्हणून: परक्यांच्या घरी कसे काय राहिलात?

फिनलंडहून परतल्यापासून पार्ल्यात जो भेटतो तो हेच विचारतो. "ओळख ना पाळख, थेट घरी जाऊन राहिलात? अवघडलं नाही?"

आता ओळख नव्हती असं कसं म्हणू? त्यांची लेक आमच्या घरात राहून गेलेली. रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमात १५ ते १९ वयाची मुलं परदेशात शिकायला जातात आणि तिथल्या कुटुंबांत राहतात. (घरात ठेवून घेण्याचे पैसे मिळतात का, हेही लोक हळूच विचारतात. नाही मिळत.) वर्षभरात तिची तीन घरं झाली. त्यातलं पहिलं आमचं. आली ती भर पावसात आणि नाताळपर्यंत राहिली. तिचं नाव सासूबाईंच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी तिची ठमी करून टाकली. अजूनही ती ठमीच आहे.

तर अवघडलं. पण आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त. आम्ही शाकाहारी, म्हणून ठमीच्या आईने फ्रिजचा एक अख्खा कप्पा रिकामा करून ठेवला होता आणि त्यात काय ठेवायचं ते न कळून नुसती दह्याची भांडी रचली होती. पहिल्या रात्री जेवायला नवे बटाटे, वर लोणी आणि मूठभर चिरलेला शेपू! आमच्याकडे शेपूची भाजी केली की पोरं ताट सरकवतात, आणि ही ठमी मात्र मागून घ्यायची. मला वाटायचं, पाहुणी म्हणून भिडेखातर खाते. जूनमध्ये तिकडे घरोघरी हेच जेवण असतं म्हणे.

जेवणं झाल्यावर आई समोर येऊन बसली आणि म्हणाली, तापाबद्दल सांगा. ठमीला सप्टेंबरात डेंग्यू झाला होता. तेव्हा रोज फोन व्हायचे, रिपोर्ट पाठवले जायचे, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. तरी पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं होतं. मी सांगायला लागले. रोज सकाळी रक्त तपासायला नेणं, प्लेटलेट्सचा आकडा येईस्तोवर कुणालाच चहा गोड न लागणं, मऊ भात आणि मेतकूट, रात्री सासूबाईंनी उशाशी बसणं. ठमी दुभाषी. माझं वाक्य दोन मिनिटांचं, तिचं फिनिशमधलं दोन सेकंदांचं. वडिलांना इंग्रजी चांगलं येतं. ते गालात हसत होते. शेवटी न राहवून, लेकीने गाळलेलं सगळं त्यांनीच बायकोला सांगितलं. रात्रीचे अकरा वाजून गेले तरी खिडकीबाहेर उजेड होता, त्यामुळे झोपायला उठायचं कुणाच्या लक्षातच येत नव्हतं.

ते गाव टाम्पेरे. हेलसिंकीहून रेल्वेने दोनेक तासांच्या आत येतं. दोन तळ्यांच्या मधे वसलंय आणि वरच्या तळ्याचं पाणी खालच्यात जवळजवळ १८ मीटर उतरतं. त्या पाण्याच्या जोरावर तिथे गिरण्या उभ्या राहिल्या. फिनलेसनची कापड गिरणी तर १८२० सालची, आणि १८८२ मध्ये तिच्या विणकाम खात्यात विजेचे दिवे लागले. माझे सासरे परळच्या गिरणीत साचे चालवायचे. १९८२ च्या संपानंतर ते पुन्हा कामावर गेले नाहीत. ह्यांनी ठमीला लालबाग-परळ पायी हिंडवून गिरण्यांच्या चिमण्या दाखवल्या होत्या. तिने त्याची परतफेड केली. ह्यांना तिथल्या लाल विटांच्या आवारात नेलं. आत आता हॉटेलं, सिनेमा, संग्रहालय. "आपल्यासारखंच की," एवढंच म्हणाले हे. पण मग कामगारांच्या संग्रहालयातून बाहेरच पडेनात.

आता सौनाबद्दल, म्हणजे घाम काढायच्या तापलेल्या खोलीबद्दल. तो प्रश्न बायका आवाज खाली करून विचारतात. त्यांच्या इमारतीच्या तळघरात सामाईक सौना आहे. आपल्याकडे पाण्याची वेळ असते तशी घरटी आठवड्यातली एक वेळ ठरलेली. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. तिथे कपड्यांचा जाच नसतो. मला ते जन्मात जमलं नसतं, म्हणून मी टॉवेल घट्ट लपेटून खालच्या पायरीवर बसले. आत ८० अंश. मुंबईकराला मे महिन्याची सवय कामी येईल असं वाटलं होतं, पण काही उपयोग झाला नाही.

ठमी दमून लवकर बाहेर गेली आणि आम्ही दोघीच उरलो. तेव्हा तिच्या आईने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "ती रडायची का?"

खरं तेच सांगितलं. ६ डिसेंबरला रडली. १९१७ साली त्या दिवशी फिनलंड स्वतंत्र झाला. संध्याकाळी घरोघरी खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात. आमच्याकडे मेणबत्त्या नव्हत्या, म्हणून ठमीने दिवाळीच्या दोन पणत्या लावल्या. त्याच दिवशी आपल्याकडे महापरिनिर्वाण दिन. दादरला चैत्यभूमीवर लोटलेली माणसं तिने सकाळी टीव्हीवर पाहिली होती आणि बाबासाहेबांबद्दल ह्यांना खोदून खोदून विचारलं होतं. रात्री मात्र माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली, आणि मग उठून दोन वाट्या वरणभात जेवली. त्यातलं रडणं तिने घरी कळवलं नव्हतं. आईने सगळं ऐकून घेतलं, तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं आणि विचारलं, "वरणभात म्हणजे काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच ओट्यावर मी तो करून दाखवला. तूरडाळ मी इथूनच नेली होती.

हॉटेलात उतरलो असतो तर हे सगळं केव्हा बोललो असतो? त्यांच्या मुलीचे ते महिने आमच्याच घरात गेले होते. ते सविस्तर सांगायचे तर मुक्कामच हवा. तुमच्याही घरी असं मूल राहून गेलं असेल आणि त्याच्या आईवडिलांनी बोलावलं असेल, तर संकोच बाजूला ठेवा आणि त्यांचं निमंत्रणपत्र मागवून घ्या. व्हिसाच्या अर्जाला ते जोडता येतं. ३०,००० युरोंचा प्रवासविमा मात्र काढावाच लागतो.

ठमीच्या धाकट्या भावाने यंदा अर्ज केलाय. कुठला देश मिळेल हे त्याच्या हातात नाही, पण त्याने मुंबई मागितली आहे. त्याच्या आईचा कालच निरोप आला: मच्छरदाणी फिनलंडहून पाठवू की तिकडे चांगली मिळते?