सातवीचा आयपॅड: मेलबर्नच्या सरकारी शाळेची यादी हातात आल्यावर

इथं शाळेचं वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं, त्यामुळे आपल्याकडे जूनमध्ये वह्या-पुस्तकं-रेनकोटची जी धावपळ असते ती इथं भर उन्हाळ्यात, नाताळ आणि नवीन वर्षाच्या आसपास होते. आमची धाकटी यंदा इयर सेव्हनला, म्हणजे सातवीत गेली. व्हिक्टोरिया राज्यात हायस्कूल सातवीपासून, म्हणून शाळा नवी, युनिफॉर्म नवा, आणि यादीत सगळ्यात वर आयपॅड. तिकडच्या बहिणी-मैत्रिणींनी आणि आता इकडे यायच्या तयारीत असलेल्या काही कुटुंबांनी याबद्दल इतकं विचारलंय, की शाळा देत नाही का, कुठला घ्यायचा, भारतातूनच आणावा का, की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकू.

याला इथं बीवायओडी म्हणतात, ब्रिंग युअर ओन डिव्हाइस. वस्तू पालकांनी विकत घ्यायची, मालकी आपली, मूल रोज दप्तरातून नेणार, आणि कमीत कमी काय हवं ते शाळा सांगणार. प्रत्येक शाळेचं वेगळं असतं बरं का. आमच्या शाळेत आयपॅड, शेजारच्या सबर्बमध्ये विंडोज लॅपटॉप, अजून कुठे मॅकबुकपण चालतो. म्हणून "ऑस्ट्रेलियात कुठला टॅब लागतो" या प्रश्नाला एक उत्तर नाही. ज्या शाळेत ॲडमिशन पक्की झाली तिचा कागद हातात आल्याशिवाय काहीही घेऊ नका, सेल असला तरी नाही.

हा खर्च पालकांकडे कसा आला त्याचा थोडा इतिहास आहे. २००७ च्या निवडणुकीत, पुढे पंतप्रधान झालेल्या केव्हिन रड यांनी नववी ते बारावीच्या मुलांना कॉम्प्युटर द्यायचं आश्वासन दिलं होतं आणि सरकार आल्यावर २००८ पासून केंद्राच्या पैशातून शाळांना खरंच कॉम्प्युटर मिळाले. पुढे ती योजना संपली, यंत्रं जुनी झाली, पण शिकवणं तोवर स्क्रीनवर आलेलं होतं, मग शाळांनी पालकांना सांगायला सुरुवात केली. शाळेच्या खर्चासाठी पालकांना स्कूलकिड्स बोनस म्हणून केंद्राकडून पैसे मिळायचे तेही २०१६ मध्ये बंद झालं. मुलाच्या डिव्हाइसवर आपल्याला टॅक्समध्येही सूट मिळत नाही.

आता खरेदीबद्दल. आमच्या यादीत होतं: साधा आयपॅड, वाय-फायवाला, मजबूत केस, कीबोर्ड आणि जमल्यास स्टायलस, म्हणजे स्क्रीनवर लिहायची पेन्सिल. आयपॅड मिनी चालणार नाही असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि ते बरोबरच आहे कारण तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीला नॅपलान नावाची देशभराची परीक्षा असते, २०२२ पासून ती सगळ्या शाळांत ऑनलाइन झाली आणि २०२३ पासून मार्चमध्ये घेतात, म्हणजे सातवीच्या मुलाला नव्या शाळेत जेमतेम रुळतोय तोवर स्क्रीनवर निबंध टाइप करायचा असतो. फक्त तिसरीची मुलं लेखन कागदावर करतात. छोट्या स्क्रीनवर, काचेवर बोट आपटत हे कसं व्हायचं? म्हणून मी तर म्हणेन स्टायलस मागून घेतलात तरी चालेल पण कीबोर्ड पहिल्या दिवसापासून हवा, आणि सुट्टीत रोज थोडं टायपिंग करून घ्या.

मार्च २०२५ मध्ये आलेला ए१६ चिपचा साधा आयपॅड इथं ५९९ ऑस्ट्रेलियन डॉलरला आला. त्यात १२८ जीबी जागा येते आणि सातवीच्या मुलाला ती पुरते. दुकानात गेलं की आयपॅड एअर पुढे करतात, म्हणतात पुढची सहा वर्षं बघायची गरज नाही, त्यात एआयचे सगळे फीचर्स आहेत वगैरे. ए१६ च्या साध्या आयपॅडमध्ये ॲपलचे ते एआय फीचर्स नाहीत हे खरं, पण बारा वर्षांच्या मुलीला शाळेसाठी ते कशाला हवेत हे मला कुणी पटवून द्यावं. सिमवालाही नको, शाळेत वाय-फाय, घरी वाय-फाय, आणि ट्रेनमध्ये इंटरनेट नसलेलंच बरं. मोठ्या भावाचा जुना आयपॅड घरात असेल तर तो आधी बघा, शाळेच्या कमीत कमी अटींत बसत असेल तर नवा घेऊच नका, फक्त २०१९ चा सातव्या जनरेशनचा असेल तर त्याला आयपॅडओएस २६ ही सिस्टिम मिळत नाही एवढं लक्षात ठेवा, परीक्षेचं ॲप नवीन सिस्टिम मागू लागलं की अडचण येते.

स्टायलसचा मात्र गोंधळ आहे आणि इथं लोकांचे पैसे वाया जाताना मी पाहिलेत. ॲपल पेन्सिलचे प्रकार चार, आणि साध्या ए१६ आयपॅडला त्यातल्या दोनच चालतात, पहिल्या जनरेशनची (तिला चार्जिंगला वेगळा ॲडॅप्टर लागतो) आणि यूएसबी-सीवाली. दुसऱ्या जनरेशनची किंवा प्रो पेन्सिल कुणी स्वस्तात देतंय म्हणून घेतलीत तर ती या आयपॅडवर चालणारच नाही. यूएसबी-सीवालीला दाब कळत नाही, म्हणजे जोरात दाबून जाड रेघ येत नाही, पण गणितं आणि आकृत्यांना काही फरक पडत नाही. इतर कंपन्यांच्या स्वस्त पेन्सिलीपण छान चालतात, आणि सातवीचं मूल ती हरवणार हे धरूनच चाला.

घ्यायचा कुठून? बऱ्याच शाळा एखाद्या दुकानदाराशी ठरवून वेगळं ऑनलाइन पोर्टल देतात, शाळेचा कोड टाकला की ठरलेली मॉडेल्स दिसतात. तिथूनच घ्यायची सक्ती आहे का ते कागदावर वाचा, आमच्याकडे नव्हती. बॉक्सिंग डे म्हणजे २६ डिसेंबरपासून जानेवारीभर जेबी हाय-फाय, ऑफिसवर्क्स अशा दुकानांत बॅक टू स्कूल सेल असतात, तेव्हा पोर्टलचा भाव आणि दुकानाचा भाव शेजारी ठेवून बघायचा. ॲपलचं एज्युकेशन डिस्काउंट सातवीच्या मुलाला नसतं हेही सांगते, ते युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांना, त्यांच्यासाठी घेणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांना असतं.

पोर्टलचा खरा फायदा किमतीपेक्षा दुसराच आहे. शाळेला हे आयपॅड आपल्या सिस्टिममध्ये घ्यायचे असतात, त्याला एमडीएम, मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट, म्हणतात. शिक्षणासाठीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेला आयपॅड शाळेच्या यादीत आपोआप जाऊ शकतो, पहिल्यांदा चालू केला की शाळेचं सेटिंग उतरतं. बाहेरून घेतलेला शाळेला कधीकधी पूर्ण पुसून मग जोडावा लागतो. म्हणून नवा आयपॅड घरी आणल्याआणल्या त्यात गेम, फोटो, सिनेमे भरून ठेवू नका, शाळेची जोडणी होऊ द्या, मग काय ते करा.

काउंटरवर एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणून मागे लागतात. नवीन आलेल्यांनी हे जरूर वाचा: ऑस्ट्रेलियाचा ग्राहक कायदा असा आहे की वस्तूत दोष निघाला तर कंपनीची एक वर्षाची वॉरंटी संपली म्हणून तुमचा हक्क संपत नाही, ती वस्तू वाजवी काळ टिकलीच पाहिजे आणि ती जबाबदारी विकणाऱ्याची आहे. २०१८ मध्ये इथल्या फेडरल कोर्टानं याच कायद्याखाली ॲपलला ९० लाख डॉलरचा दंड केला होता, फोन-आयपॅड बाहेर दुरुस्त केले म्हणून ग्राहकांना दुरुस्तीचा हक्कच नाही असं सांगितल्याबद्दल. पण हातातून पडून काच फुटली तर तो दोष नाही, तो अपघात, आणि सातवीत बहुतेक काचाच फुटतात. त्यामुळे पैसे घालायचेच असतील तर अपघाताचं कव्हर असलेल्या प्लॅनमध्ये घाला, नाहीतर घरच्या कॉन्टेंट्स इन्शुरन्समध्ये, म्हणजे घरातल्या सामानाच्या विम्यात, बाहेर नेलेल्या वस्तू येतात का ते आधी विचारा. आणि केस चांगली घ्या, तिथं काटकसर नको.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. शाळेचा कागद वाचताना असं वाटतं की हे घेतलंच पाहिजे, नाहीतर मुलीला वर्गात बसू देणार नाहीत. तसं नाहीये. व्हिक्टोरियात सरकारी शाळेत नेमून दिलेला अभ्यासक्रम शिकवणं मोफत असलं पाहिजे असं २००६ च्या शिक्षण कायद्यात आहे, आणि पालकांनी द्यायच्या पैशांबद्दल शिक्षण खात्याचं वेगळं धोरण आहे, शाळेच्या आणि खात्याच्या वेबसाइटवर ते कुणालाही वाचता येतं. शाळा डिव्हाइस आणायला सांगू शकते, पण ज्याला परवडत नाही त्याचं मूल मागे पडणार नाही अशी सोय शाळेनं करायची असते, बहुतेक शाळेचंच डिव्हाइस वापरायला देऊन.

आपले लोक हे विचारतच नाहीत. नुकतं इथं आलेलं कुटुंब असतं, घराचा महिनाभराच्या भाड्याएवढा बाँड, म्हणजे डिपॉझिट, भरलेला असतो, गाडी घ्यायची असते, एकाचीच नोकरी लागलेली असते, आणि रुपयात मोजायची सवय गेलेली नसते, त्यात ही यादी येते. मग क्रेडिट कार्ड किंवा हप्ते. शाळेत जाऊन "आम्हाला आत्ता जमत नाहीये" म्हणायला लाज वाटते, लोक काय म्हणतील, मुलीला कसं वाटेल. आमच्या ओळखीतल्या एका आईला मी अक्षरशः सोबत घेऊन शाळेच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी एक फॉर्म दिला, दोन ओळी लिहायच्या होत्या, कारणांची उलटतपासणी नाही, पगाराची स्लिप नाही, आणि शाळेचा आयपॅड मिळाला, वर्गात कुणाला कळलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ताई, मी आठवडाभर झोपले नव्हते गं यासाठी." आठवडाभर! एका ईमेलनं होणाऱ्या कामासाठी. हे वाचणाऱ्या कुणावर अशी वेळ आली तर प्लीज विचारा. शाळा सुरू व्हायच्या आधी विचारा, म्हणजे त्यांनाही सोय करायला वेळ मिळतो.

दुसरा प्रश्न ताब्याचा. सरकारी शाळांत २०२० पासून मोबाइलला बंदी आहे, पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन लॉकरमध्ये. आणि हातात मात्र आयपॅड. शाळेच्या वेळात शाळेचे नियम चालतात ते ठीक, पण साडेतीननंतर काय? शाळेनं पालकांना माहिती द्यायला संध्याकाळी सभा ठेवली होती, तिथं पालकांनी पेन्सिलीबद्दल खूप विचारलं, पण हे विचारणारे थोडेच होते. आम्ही विचारलं. आमच्या शाळेचं उत्तर होतं की शाळेनंतर जबाबदारी पालकांची. एमडीएममुळे शाळेला आयपॅडवर कुठली ॲप्स आहेत, सिस्टिम कुठली आहे हे दिसतं, ॲप्स पाठवता येतात, काही बंद करता येतात, पण त्यातून फोटो किंवा मेसेज वाचता येत नाहीत. शाळेच्या वाय-फायवर काय उघडलं त्याची नोंद मात्र राहू शकते, हे मुलीलाही सांगितलं.

घरी मग आम्ही काय केलं, तर तिचं ॲपल अकाउंट खऱ्या जन्मतारखेनं काढलं. तेरा वर्षांखालच्या मुलांचं अकाउंट पालकांच्या फॅमिली ग्रुपमध्येच निघतं, थोडी कटकट होते म्हणून बरेच जण वय वाढवून टाकतात, तसं करू नका, कारण मग सगळी बंधनंच सैल होतात. स्क्रीन टाइमचा पासकोड आमच्याकडे, रात्री नऊला बंद, चार्जिंग स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खोलीत नाही. वाद झाला, अजूनही होतो, "होमवर्क राहिलंय" हे वाक्य बरोबर पावणेनऊला येतं. कधीकधी खरंच राहिलेलं असतं आणि मग मी वेळ वाढवून देते आणि शेजारी बसते.

१० डिसेंबर २०२५ पासून इथं सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूबवर अकाउंट ठेवता येत नाही, हा कायदा तिकडच्या बातम्यांतही आलाय. बऱ्याच पालकांना वाटलं चला प्रश्न मिटला. पण यूट्यूब लॉगिन न करता बघता येतंच, आणि अकाउंटच नसलं की आपण लावलेली अकाउंटची बंधनंही राहत नाहीत. शाळेचे व्हिडिओ त्यावरच असतात त्यामुळे ब्लॉकही करता येत नाही. म्हणून आम्ही एवढंच ठरवलंय की यूट्यूब हॉलमध्ये बसून बघायचं. कायदा चांगला आहे, मला तो हवाच होता, पण घरातलं काम त्यानं कमी झालेलं नाही.

सांगलीहून आईचा पहिला प्रश्न होता, "अगं, पोरीचं अक्षर बिघडंल की!" तिची काळजी मला पटते. गणिताच्या वह्या अजून कागदाच्या आहेत हे बरंय, पण बाकीचं लिहिणं खूप कमी झालंय. मराठीपुरता तरी मी एक मार्ग काढलाय, बालभारतीच्या साइटवरून पुस्तकाची पीडीएफ उतरवली, आणि रविवारी ती त्यावरचा धडा वाचून आजीला पत्र लिहिते, कागदावर, पेनानं. त्याचा फोटो काढून पाठवायचा एवढंच काम आयपॅडचं. देवनागरी कीबोर्ड टाकून दिलाय तोही ती वापरते, पण जोडाक्षरं हातानं लिहिल्याशिवाय पक्की होत नाहीत असं माझं मत आहे.

आणि शेवटचं, भारतातून आणावा का. हाच आयपॅड भारतात ३४,९०० रुपयांना आला होता, डॉलरचा भाव थोडाफार हलला तरी फरक फारसा राहत नाही. इथल्या ग्राहक कायद्याचं संरक्षण तिकडच्या दुकानातल्या खरेदीला नाही, आणि शाळेच्या जोडणीत पुसापुशीची शक्यता आहे ती वेगळीच. त्यामुळे माझं उत्तर नाही. बॅगेत ती जागा लोणच्याला आणि मराठी पुस्तकांना ठेवा, फक्त विमानतळाच्या फॉर्मवर खाण्याच्या वस्तू न चुकता लिहा.