हिरवट कफाची डबी

दिवाळी उलटली, कोथरूडच्या पहाटेत धुके आणि धूर एकमेकांत मिसळू लागले, आणि दर वर्षीप्रमाणे माझ्या दम्याने उचल खाल्ली. या वेळी मात्र स्टेरॉइडचा पंप स्पेसर लावून नेमाने घेऊनही घरघर उतरेना, आणि सकाळी बेसिनमध्ये पडणारा बेडका हिरवट दिसू लागला. हिरवा कफ म्हणजे जंतू आणि जंतू म्हणजे अँटिबायोटिक, हे आमच्या घरातले जुने गणित. त्या हिशेबाने मी कोपऱ्यावरच्या मेडिकलकडे निघालोही होतो. पण आधी डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी गोळी सांगण्याऐवजी कफाची डबी मागवली.

तपासणीत न्यूट्रोफिल पेशी भरमसाट निघाल्या. कफाला हिरवी छटा येते ती याच पांढऱ्या पेशींमधल्या मायलोपेरॉक्सिडेज या लोहयुक्त विकरामुळे. म्हणजे रंगावरून पेशी जमल्याचे कळते, त्यांना कोणी बोलावले ते कळत नाही.

फुप्फुसे निर्जंतुक असतात, असे कित्येक वर्षे मानले जाई. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत हिमोफिलससारख्या जिवाणूंचे, तर निरोगी माणसांत प्रीव्होटेलासारख्यांचे प्रमाण अधिक आढळले. या दोन्ही जिवाणूंच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड हा मेद-शर्करेचा रेणू असतो, परंतु हिमोफिलसचे आवरण आपल्या पेशींवरच्या टीएलआर-४ या जंतू ओळखणाऱ्या ग्राहीला (रिसेप्टरला) चांगलेच डिवचते, प्रीव्होटेलाचे जेमतेम. डिवचलेले श्वासनलिकेचे अस्तर इंटरल्यूकिन-८ हे निरोप देणारे प्रथिन सोडते आणि त्या हाकेला न्यूट्रोफिल धावून येतात. पंपाची अडचण नेमकी इथे होते: स्टेरॉइडमुळे इओसिनोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी मरतात, न्यूट्रोफिलचे आयुष्य मात्र उलट वाढते. अर्थात, सुजेमुळे साचलेल्या कफात हिमोफिलसचेही फावते, त्यामुळे आधी सूज की आधी जिवाणू, हे एका डबीवरून ठरत नाही.

मग अँटिबायोटिक का नको, असे मी विचारलेच. ऑस्ट्रेलियातील ४२० प्रौढ दमेकऱ्यांना ४८ आठवडे, आठवड्यातून तीनदा अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा नुसती दिखाऊ गोळी दिल्याचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांत दमा उसळण्याचे प्रमाण माणशी वर्षाला १.०७, तर इतरांत १.८६ होते. मात्र हे औषध जंतूंना मारण्याखेरीज सूजही स्वतःच कमी करते, आणि पाच दिवसांचा कोर्स म्हणजे ४८ आठवडे नव्हेत. शिवाय औषधाला न जुमानणारे जंतू घरात वाढवायचे नाहीत, यावर डॉक्टर ठाम होते.

खोकला ओसरल्यावर, जानेवारीत, मला आणखी एक डबी द्यायची आहे.