बिली, ठकी आणि तेरा पायऱ्या

"बिलीला परत देतेय," असं माझ्या कुत्र्याबद्दल आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती जरा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "आणलास कशाला मग गं त्या मुक्या जिवाला?"

तिचं म्हणणं मला लागलं. लहानपणी सांगलीत आमच्या गल्लीत नकोसं झालेलं मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायचे. घरात बाळ आलं की कुत्र्याला रिक्षात घालून लांबच्या कॉलनीत. आईच्या कानावर 'परत देतेय' पडलं, पण डोळ्यांसमोर ते पोतंच आलं असणार.

मी राहते स्टॉकपोर्टला, मँचेस्टरच्या दक्षिणेला. यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड जातीचे कुत्रे पळवायच्या शर्यती ब्रिटनमध्ये सुरू झाल्या त्या मँचेस्टरच्याच बेल व्ह्यू मैदानावर, २४ जुलै १९२६ रोजी. ते मैदान २०२०मध्ये बंद पडलं, पण शर्यती दुसरीकडे चालूच आहेत. त्यामुळे दरवर्षी चार-पाच वर्षांचे, कुठे दुखापत झालेले, कुठे वेग मंदावलेले कुत्रे घर शोधत असतात. बिली त्यातलाच एक. दोन्ही कानांत गोंदलेली अक्षरं होती, म्हणजे जन्म आयर्लंडमधला. ब्रिटनमध्ये धावणारे बहुतेक ग्रेहाउंड तिकडूनच येतात.

या कुत्र्यांचं आयुष्य खुराड्यासारख्या खोल्यांत गेलेलं असतं. बिलीला काचेचं दार कळत नव्हतं, त्यावर नाक आपटायचा. जिना त्याने कधी पाहिलाच नव्हता. आमच्या घरात तेरा पायऱ्या. मी एकेका पायरीवर शेंगदाण्याचं बटर लावून, त्याचे पुढचे पाय हाताने उचलून ठेवत त्याला चढायला शिकवलं. नऊ दिवस लागले. इतका शांत, अंगावर मान टाकून झोपणारा कुत्रा मी दुसरा पाहिला नाही.

पण ठकी होती. माझी सात वर्षांची मांजरी.

अशा कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या ज्या संस्थेकडून मी बिलीला आणलं, तिने देण्याआधी चाचणी घेतली होती. कुत्र्याला मुसकं बांधून, दोरीला धरून मांजरासमोर नेतात आणि तो काय करतो ते बघतात. बिलीने मान वळवली होती. मात्र त्या चाचणीतलं मांजर एका जागी निवांत बसलेलं होतं. ग्रेहाउंड मुख्यतः डोळ्यांनी शिकार करतो, आणि पिल्लू असल्यापासून त्याला पळत्या वस्तूमागे धावायलाच शिकवलेलं असतं. बसलेलं मांजर आणि पळणारं मांजर या त्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी.

ठकी सोफ्यावरून उडी मारून पळाली, त्या क्षणी मला दुसराच बिली दिसला. तोंड मिटलेलं, कान ताठ, अंग लाकडासारखं, नजर खिळलेली. हाक ऐकेना, नाकापाशी धरलेला चिकनचा तुकडा हुंगेना. भुंकणारा कुत्रा मला त्यापेक्षा परवडला असता. हे गप्प रोखून बघणं जास्त धोक्याचं.

आम्ही प्रयत्न केले. दारात जाळीचं फाटक, वेगळ्या खोल्या, घरातही मुसकं, एकमेकांच्या चादरींची अदलाबदल. काही घरांत महिन्या-दोन महिन्यांत जमतं. आमच्याकडे ठकी कपाटावरून खाली येईना आणि तिने खाणं सोडलं. मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतावर परिणाम होऊ शकतो, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि मी त्याच संध्याकाळी संस्थेला फोन केला.

कुणी मला बोललं नाही. करारातच लिहिलेलं होतं की कुत्रा परस्पर कुणाला द्यायचा नाही, जमलं नाही तर त्यांच्याकडेच आणायचा, कितीही वर्षांनी. उलट त्यांनी मला सगळं लिहून द्यायला सांगितलं. मी दोन पानं लिहिली. जिना येतो. व्हॅक्यूम क्लीनरला घाबरतो. डाव्या मागच्या पायाला हात लावू देत नाही. मांजर असलेल्या घरी नको, हे मी सगळ्यांत वर लिहिलं. ते लिहिताना वाईट वाटलं, त्याच्या नावावर डाग लावल्यासारखं. पण ते झाकलं असतं तर पुढच्या घरातल्या मांजराचा जीव गेला असता आणि बिली तिसऱ्यांदा बेघर झाला असता.

तिकडे भारतात व्हॉट्सॲपवर 'कुत्रा देणे आहे' अशी पोस्ट टाकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: 'फार प्रेमळ आहे' एवढं लिहून थांबू नका. दुसऱ्या कुत्र्यावर धावून जात असेल, मांजराच्या मागे लागत असेल, तर तेही लिहा. घेणाऱ्याच्या घरी आणखी कोण कोण आहे ते विचारा, शक्य असेल तर जाऊन बघून या.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे स्थळ बघूनच दिलास." हो, तसंच.

बक्सटनजवळच्या एका निवृत्त जोडप्याने त्याला नेलं. त्यांच्याकडे एक म्हातारी ग्रेहाउंड आहे, मांजर नाही. बिलीसोबत मी त्याची चादर न धुता दिली, घरचा वास राहावा म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला. रात्री म्हातारी झोपायला वर गेली, आणि बिली कुणी न बोलावता तिच्यामागे जिना चढला.