घोटा मोडल्यानंतर पुन्हा रस्त्यावर

घोट्याचे हाड सांधायला साधारण दीड-दोन महिने लागतात, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले होते आणि तसेच घडले. प्लास्टर काढल्यानंतरच्या एक्स-रेमध्ये हाड नीट जुळलेले दिसत होते, डॉक्टर समाधानी होते, घरची मंडळी निश्चिंत झाली होती. मात्र गोव्यातल्या मये येथील आमच्या घराच्या ओसरीवरून अंगणात उतरणाऱ्या पायऱ्या मला कठडा धरल्याशिवाय उतरता येत नव्हत्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरून ज्यांचा पाय मोडला आहे, त्यांना ही भीती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. दुखणे थांबले तरी पाऊल टाकण्यापूर्वी मन क्षणभर थबकते, त्या थबकण्याने तोल जातो आणि तोल गेला की भीती आणखी पक्की होते. यातून बाहेर पडायला मला जवळजवळ वर्ष लागले. ते सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आमच्या भागात पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी बायका अशा पडझडीनंतर घरात बसतात त्या कायमच्याच, आणि त्यांना कोणी उठवतही नाही.

प्लास्टर निघाल्यावर उजव्या पायाची पोटरी डाव्या पायापेक्षा बारीक झालेली डोळ्यांना दिसत होती. फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यामागचे कारण समजावून सांगितले. वापरात नसलेला स्नायू काही आठवड्यांतच रोडावतो आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे पाऊल कोणत्या कोनात टेकले आहे याची जाण. घोट्याभोवतीच्या अस्थिबंधांत आणि स्नायूंत ही जाण देणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. दुखापत झाल्यावर आणि पाय बराच काळ जखडून राहिल्यावर त्यांचे काम मंदावते, त्यामुळे उंचसखल जमिनीवर पाय वाकडा पडत असल्याचा संदेश मेंदूला उशिरा पोचतो. हे ऐकून मला मोठा दिलासा मिळाला. ज्याला मी आणि घरातले सगळे मनाचा भित्रेपणा समजत होतो, त्याला शरीरातही आधार होता आणि शरीरातली ही उणीव सरावाने भरून निघण्यासारखी होती.

सुरुवातीचे व्यायाम साधे होते. खुर्चीत बसून पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरे गिरवायची. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे बाराखडी गिरवणे हा माझा रोजचाच धंदा. पण ‘क’ची गाठ आणि ‘ळ’ची वळणे घोट्यातून काढताना सुरुवातीला घाम फुटत असे. भाताला उकळी येईपर्यंत स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून दोन्ही टाचा सावकाश उचलायच्या आणि उचलल्या त्याहून सावकाश खाली टेकवायच्या. दात घासताना भिंतीजवळ एका पायावर उभे राहायचे, प्रथम डाव्या, मग उजव्या. संध्याकाळी पाय सुजत असे, तेव्हा उशीवर पाय उंच ठेवून पडायचे. चालताना पोटरीचे स्नायू आकसतात आणि पायातले रक्त हृदयाकडे वर ढकलतात. तोच पंप कमजोर झाल्यामुळे ही सूज येते, आणि चालणे वाढत जाईल तशी ती उतरते, असे बाईंनी सांगितले होते. त्याप्रमाणे ती हळूहळू उतरली.

‘सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरायला जा’ हा सल्ला मला सगळ्यांनीच दिला. सल्ला योग्यच आहे, पण केवळ फिरण्यासाठी काढलेला अर्धा तास हा दिवसातला सर्वांत दुबळा अर्धा तास असतो. पाहुणे आले, चवथीची तयारी सुरू झाली, शाळेतल्या परीक्षेचे पेपर तपासायचे राहिले, पाऊस आला, की पहिली गदा त्यावरच येते. म्हणून मी चालणे कामांना बांधून टाकले. भुसारी सामान मुलाने स्कूटरवरून आणायचे नाही, ते मी आणायचे. आणि एकदम आठवड्याचे न आणता रोज थोडे आणायचे. सोमवारी देवळात जायचे ते चालत जायचे. वाड्यावरच्या शेजारणीला निरोप द्यायचा असेल तर फोन न करता तिच्या दारात जाऊन द्यायचा. आपल्या गोव्यात दोन घरे सोडून पलीकडे जायचे असले तरी स्कूटर काढायची सवय इतकी मुरली आहे, की चालत निघालेल्या माणसाला वाटेत प्रत्येक जण थांबून ‘सोडू का?’ असे विचारतो. त्यामागचे प्रेम खरे असते, त्यामुळे त्याला दरवेळी नकार देण्यासाठी मला सुरुवातीला बराच धीर गोळा करावा लागला.

या तुकड्यातुकड्यांच्या चालण्याचा उपयोग होतो की नाही, अशी शंका मला होती. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम जोराची हालचाल करण्याची शिफारस केली आहे. त्यांच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत ही हालचाल सलग किमान दहा मिनिटांची असावी, अशी अट होती. २०२० च्या सूचनांत ती अट काढून टाकण्यात आली आणि कितीही लहान तुकडा मोजण्याजोगा ठरला. माझ्यासारखीसाठी हा फार मोठा बदल आहे, कारण दुकानापर्यंतची सात मिनिटे आणि देवळाची नऊ मिनिटे आता कोणाच्याही हिशेबातून वगळली जात नाहीत. मध्यम जोर ओळखण्याची खूणही सोपी आहे: चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. मी घड्याळाऐवजी हीच खूण वापरली. चढावर शेजारणीशी बोलताना वाक्य तुटू लागले की वेग कमी करायचा, सपाटीवर अभंग सहज म्हणता येऊ लागला की वाढवायचा.

चढापेक्षा उतार कठीण, हे मला या काळात नीट कळले. चढताना दम लागतो, पण पाय भक्कम टेकतो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणलेल्या अवस्थेतच शरीराचे वजन झेलत राहावे लागते आणि कमकुवत स्नायूंना ते झेपत नाही. आमच्या भागातल्या तांबड्या मातीच्या वाटांवर बारीक खडी सैल झालेली असते, त्यावर तर मी अक्षरशः बाजूला वळून एकेक पाऊल टाकत असे. उतारावर पावले लहान ठेवायची, गुडघे किंचित वाकलेले ठेवायचे आणि शरीर मागे झुकवायचे नाही, या सूचनांनी खूप फरक पडला. मागे झुकले की टाच घसरते. भीतीने मात्र माणूस नेमका मागेच झुकतो.

सायकलीचा विचार फिजिओथेरपिस्ट बाईंनीच माझ्या डोक्यात घातला. सायकलवर शरीराचे बरेचसे वजन सीट पेलते, घोटा आणि गुडघा धक्क्याविना एका लयीत हलत राहतात आणि मांडीचे स्नायू मजबूत होतात. माझ्या मुलीची कॉलेजच्या काळातली गिअरची सायकल मागच्या पडवीत धूळ खात पडली होती. मी स्वतः शाळेत असताना सायकल चालवली होती, पण पुढे आमच्या डिचोली तालुक्यातल्या रस्त्यांवर खनिजाचे ट्रक इतके वाढले की सायकली दिसेनाशा झाल्या. २०१२ साली खाणी बंद पडल्यानंतर ती धूळ आणि ती रांग ओसरली, तरी सायकली काही परतल्या नाहीत. खाणी बंद होण्याने अनेक घरांची चूल अडचणीत आली, हे मी विसरत नाही. रस्ता कोणासाठी असतो हा प्रश्न मात्र मला तेव्हापासून सतावतो.

डिचोलीच्या सायकल दुरुस्तीवाल्याने टायर-ट्यूब बदलले, ब्रेकच्या तारा नव्या घातल्या, चेन रॉकेलने साफ करून तिला तेल दिले. त्याने एक गोष्ट मात्र माझ्या सांगण्यावरून केली: सीट इतकी खाली उतरवली की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. सायकल चालवण्यासाठी ही उंची योग्य नाही, कारण गुडघे फार दुमडतात. योग्य उंचीवर पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ होतो आणि चवडा ठेवला तर गुडघ्याला जरासा वाक राहतो. पण ज्याला पडण्याची भीती आहे, त्याच्यासाठी पहिली उंची जमीन हाती देणारी असावी. रविवारी सकाळी शाळेच्या मोकळ्या मैदानात मी पायडलला स्पर्शही न करता, सीटवर बसून दोन्ही पायांनी जमीन ढकलत सायकल पुढे नेऊ लागले. मैदानाच्या एका कडेला किंचित उतार आहे, तिथे पाय उचलून धरले की सायकल आपोआप घरंगळत जाई. तोल सांभाळतो आहे हे शरीराला पटल्यावर पायडल आले, आणि मग काही आठवड्यांच्या अंतराने सीट दोन-दोन बोटे वर चढत गेली.

मैदानातून रस्त्यावर येताना मात्र माझी पुन्हा गाळण उडाली. हँडल थरथरे, समोरून चारचाकी आली की मी उतरून उभी राहत असे. आमच्याकडे सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर हे रोज पाहत होता. कॅरियरवर निळ्या प्लास्टिकने झाकलेली भली मोठी टोपली, तिच्यात उंडे आणि पोळे, एका हाताने भोंगा वाजवत हा मुलगा चढउतार करत फिरतो. एके दिवशी तो थांबून म्हणाला, “टीचर, तुम्ही पुढच्या चाकाकडे बघता. चाकाकडे बघू नका, जायचं तिकडे बघा. खड्डा दिसला तर खड्ड्याकडे बघू नका, बाजूच्या रस्त्याकडे बघा.” मग त्याने टोपलीसकट समोरच्या वळणावर जाऊन दाखवले. त्याची मान आधी वळली, खांदे नंतर आणि सायकल सगळ्यांत शेवटी. मी तसेच करून पाहिले आणि हँडल त्याच दिवशी बऱ्यापैकी स्थिर झाले. इतके नेमके शिकवणे मला स्वतःला वर्गात क्वचितच साधले असेल.

बाकीच्या गोष्टी सरावाने बसल्या. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करायचा, मध्यावर जोर लागत असताना बदलायला गेले तर चेन कुरकुरते आणि कधी उतरतेही. उतारावर दोन्ही ब्रेक एकदम, पण थोडे-थोडे सोडत दाबायचे. ओढणी पाठीमागे गाठ मारून कमरेला खोचायची, कारण चेनमध्ये अडकलेली ओढणी हा बायकांसाठी खरा धोका आहे. सायकलस्वाराला कायद्याने हेल्मेटची सक्ती नाही, तरी मी ते घालते. डिचोलीच्या बाजारातून भाजी, नारळ आणि कधी बांगडे कॅरियरला बांधून आणू लागले, तेव्हा ‘ह्या वयात सायकल?’ असे विचारणाऱ्यांचा आवाजही बदलला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी नार्व्याला गेले. शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार करविलेल्या सप्तकोटेश्वराच्या देवळात दर्शन घेतले आणि पुढे धक्क्यावर जाऊन सायकलसकट फेरीबोटीत चढले. बोट धक्क्याला लागते तेव्हा लोखंडी फळी खाली पडते आणि ती ओली, उतरती व किंचित हलणारी असते. घोटा मोडल्यापासून मी जिच्या विचारानेच टाळत आले होते, अशी ती नेमकी जागा. मी सायकल हाताने धरून, पावले लहान ठेवून उतरले आणि दिवाडी बेटाच्या बाजूला सीटवर बसले. खाजनातून, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीतून जाणारा तिथला रस्ता सपाट आहे. एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली शेते आणि त्यांत बगळे. त्या रस्त्यावर आपल्या पायाचा विचार आपण बराच वेळ केलेला नाही, हे माझ्या लक्षात आले, तेव्हा मला अतिशय आनंद झाला. पिएदादच्या टेकडीचा चढ मी सायकल ढकलत चढले. तिथे ढकलण्यात मला काहीच उणे वाटले नाही.

जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे नियम वेगळे आहेत. रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून अंतर जास्त ठेवायचे आणि आधीच हलके ब्रेक दाबून रिमवरचे पाणी निपटून घ्यायचे. मुसळधार पावसात सायकल घरी ठेवून छत्री घेऊन चालायचे, आणि चपलांऐवजी तळाला खाच असलेले बूट घालायचे. आर्द्रतेने चेन लवकर गंजते, त्यामुळे आठवड्याला फडक्याने पुसून तेल द्यावे लागते. शेवाळलेल्या पायऱ्या मी आजही कठडा धरूनच उतरते. ती खबरदारी आहे आणि ती मला सोडायची नाही. पावसाळी सकाळी घोटा आखडतो, तेव्हा ओट्याजवळचे टाचा उचलणे चालूच आहे. शेजारच्या वयनींचा गुडघा दुखतो, त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतले आहे. सध्या रविवारी शाळेच्या मैदानात माझ्या सायकलची सीट पुन्हा पार खाली उतरलेली असते.