सेफ्टी लावलेली होती म्हणे

लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली आणि बीड जिल्ह्यातल्या लायसनवाल्यांची हत्यारं जमा करून घ्यायचं काम सुरू झालं. मी पोलिसात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा, एका तालुक्याच्या ठाण्यात टेबल टाकून बसलेलो, हत्यार खाली आहे का बघायचं, नंबर लायसनशी जुळवायचा, मग पावती. बारा बोरच्या बंदुका बऱ्याच, बाकी .३२ ची रिव्हॉल्वर-पिस्तुलं.

दुपारी एक गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, आले, सोबत पोरं. शर्ट वर केला तर पिस्तूल नुसतं पॅन्टमध्ये खोचलेलं, होल्स्टर, म्हणजे पट्ट्याला लावायचं कव्हर, नाही. मला आधी हॅमर दिसला, ज्याच्या ठोक्यानं गोळी सुटते तो, मागं ओढलेला. म्हणलं अण्णा हात काढा, बोट लावू नका. तर म्हणतात, "कामून हो साहेब? सेफ्टी लावलेली हाय, अन् मॅगझिन तर गाडीतच काढून ठेवली." सेफ्टी म्हणजे गोळी सुटू न देणारा खटका, मॅगझिन म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी.

पोरांना बाहेर काढलं, अण्णांना वाळूच्या बादलीपाशी उभं केलं आणि पिस्तूल मी स्वतः काढलं, तोंड वाळूकडं. सेफ्टीचा खटका खाली होता, म्हणजे सेफ्टी उघडी, लावलेली नाही. वरची स्लाइड मागं ओढली तर चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागं गोळी बसते त्या जागेतून, जिवंत राऊंड (गोळी) बाहेर पडला. अण्णा काही न बोलता बाकड्यावर बसले.

ते खोटं बोलत नव्हते, सकाळी लावलीच असणार. पण खटका पिस्तुलाच्या डाव्या बाजूला, आणि उजव्या कमरेला खोचलं की तीच बाजू पोटाला लागते, गाडीत बसलं उठलं, वाकलं की पोट अन् पट्टा त्याला दाबत राहतात, आणि खाली दाबला की सेफ्टी उघडते. त्यात हॅमर चढलेला असला की ट्रिगरला जोर असा लागतच नाही, शर्टाचं टोक जरी आत अडकलं तरी पुरे. मॅगझिन काढली तरी चेंबरमधला राऊंड आतच राहतो, हे तर कितीतरी जणांना माहीतच नसतं. मला या गोष्टीचा फार त्रास होतो, कारण लायसन मिळवायला लोक वर्षं घालवतात आणि हत्यार समजून घ्यायला एक दुपार देत नाहीत.

माझं म्हणणं, सेफ्टी लावाच, पण तिच्या भरवशावर राहू नका. आधी ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, कमरेला पक्कं बसवलेलं. २०१६ च्या शस्त्र नियमांतही सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं पाहिजे असंच आहे. दुसरं, चेंबर रिकामं. ग्लॉकसारख्या पिस्तुलाला अंगठ्याचा खटका नसतो, तिथं तर होल्स्टरच सगळं. आणि ज्याला भरलेलंच बाळगायचंय त्यानं रिकाम्या हत्यारावर अंगठ्यानं सेफ्टी काढायची सवय रोज करावी, कारण ऐन वेळी सेफ्टी काढायची राहून गेली तर ते हत्यार हातात असून नसल्यासारखं.

निकाल ४ जूनला लागला, नंतर अण्णा हत्यार न्यायला आले. चामड्याचं होल्स्टर आणलं होतं, पण मऊ, दाबलं की ट्रिगरपाशी आत जाणारं. ते बदलायला सांगितलं. मग त्यांनी विचारलं, पिस्तूल देऊन रिव्हॉल्वर घेतलं तर बरं का. म्हणलं तुमच्या वापराला बरंच, ट्रिगर लांबवर अन् जोरानं ओढावा लागतो, पण आधी कलेक्टर ऑफिसला अर्ज करावा लागेल. अर्ज कसा लिहायचा ते त्यांनी तिथंच बसून विचारून घेतलं.